गव्हाणीपाशी आवाज नको

“मानूस त्यांनी न्हाई मारला, साहेब. तुमी मारलाय.”

एवढं बोलून शालिनीनं हातातलं घमेलं जीपच्या बॉनेटवर उपडं केलं. भिजलेले चणे, गुळाचे खडे आणि बरसीम घासाच्या काड्या पत्र्यावरून घरंगळत काचेपाशी जाऊन साचल्या. ड्रायव्हरनं ब्रेकवरचा पाय हलवला नाही, की मान वर केली नाही. कँपात त्याची इतकी वर्षं गेली होती, की कुठं बघायचं नाही ते त्याला चांगलं कळत होतं.

साहेब खाली उतरले. चंदीगडच्या सुखना तळ्याच्या पलीकडं, जंगलाला पाठ टेकून असलेल्या या लष्करी वायरलेस केंद्राचे ते मालकच म्हणायचे. इथलं झाडाचं पान त्यांना विचारून हलायचं. माणूस पुण्याचा, बोलणं साखरेत घोळवलेलं. हातमोजे काढून त्यांनी शांतपणे खिशात घातले.

“शालिनीबाई, सकाळची वेळ आहे. लोक बघताहेत.”

“बघू द्यात की. बघायचं तवा कुनी बघितलं न्हाई.”

“निहालसिंग तुमच्या घरचाच होऊन गेला होता, मला ठाऊक आहे. तुमच्या मनाला लागलं असणार.”

“गव्हान कुटं गेली, साहेब?”

साहेबांनी बॉनेटवरचा एक चणा बोटानं उडवला.

“कसली गव्हाण?”

शालिनीनं अतिथीगृहाकडं बघितलं. काचेच्या व्हरांड्यासमोर, जिथं आठवड्यापूर्वीपर्यंत पत्र्याची लांबलचक गव्हाण होती, तिथं माती ओढून सपाट केली होती. वर पाणीही मारलं होतं. गव्हाणीमागच्या कुंपणाची तार, जी हरणांना वाकून आत येता यावं म्हणून कंबरेएवढी वर उचलून बांधलेली असायची, ती खाली येऊन नव्या खिळ्यांनी ठोकली गेली होती. माणसाचं मढं अजून केंद्राच्या आवारात होतं, तेव्हाच ही कामं उरकली होती. मढ्यावर घालायला पांढरं कापड मिळायला दुपार झाली. गव्हाण उचलायला मात्र हात लगेच मिळाले.

“ऐका,” साहेब आवाज उतरवून म्हणाले. “तुमचा नवरा, विश्वास, आपला माणूस आहे. त्या पहाटे गार्ड कमांडर तो होता. पहारेकरी मेला, रायफल गेली, म्हणजे पहिली मान कुणाची अडकते? त्याची. मी त्याला बाहेर काढतोय, आणि तुम्ही माझ्याच गाडीवर चणे ओतताय.”

“कसं काढताय बाहेर?”

“उद्या अंबाल्याहून कर्नल येणार आहेत चौकशीला. तुमचं क्वार्टर कुंपणाला लागून. त्या पहाटे तुम्ही बाहेर नळावर होता. ते तुम्हाला एकच विचारतील. निहालसिंगनं ललकारलेलं ऐकलंत का? ‘थम, कौन आता है’ असं?”

“न्हाई आयकलं.”

“मग तेवढंच सांगा. खोटं बोला असं कोण म्हणतंय?”

शालिनी रिकामं घमेलं कमरेवर धरून उभी राहिली. खोटं बोलायला कुणीच सांगत नव्हतं, हीच तर गोम होती. निहालसिंगनं ललकारलं नाही. गोळी झाडली नाही. मग तो सरदार, आलेले अतिरेकी तेही सरदार. पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. त्या वर्षांत पंजाबात असं समजून घेणाऱ्यांची कमतरता नव्हती.

“त्यो त्येंना सामील व्हता, आसं म्हनायचंय तुमाला.”

“मी काहीच म्हणत नाही. कर्नल म्हणतील.” साहेब जीपमध्ये बसले आणि मग, काहीतरी राहून गेल्यासारखं, त्यांनी मान बाहेर काढली. आता ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “आणि हरणांचं म्हणशील, तर पहिली भाकरी कुणी टाकली त्या कुंपणापाशी, ते आठव. सुरुवात तुझी आहे.”

जीप गेली. चणे रस्त्यावर सांडत गेले.

साहेब खोटं बोलले नव्हते.

खटाव तालुक्यातून शालिनी इथं आली तेव्हा पोरं सासूसासऱ्यांकडं शाळेला ठेवून आली होती. परमुलखात दुसरं काही आपलं नव्हतं म्हणून तिनं देवाचा नेम तेवढा घट्ट धरला. नैवेद्य दाखवला की गायीसाठी घास काढायचा, मग जेवायचं. पण केंद्रात गाय कुठून आणणार? भटकी गुरं फाटकापाशी दिसली की पहारेकरी हाकलायचे. काढलेला घास हातात घेऊन ती कुंपणापाशी उभी राही, कावळ्यांना टाकी आणि मनात चुकचुके. एके दिवशी घाणेरीच्या जाळीतून एक सांबरी बाहेर आली. फाटक्या कानाची, गुडघ्यापर्यंत चिखल. बराच वेळ तिनं एक पाय आपटत शालिनीकडं बघितलं आणि माघारी गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी जागेवर नव्हती. शालिनीला वाटलं, चार पायांची, गवत खाणारी, अंगानं गायीएवढी; देव काही इथं येऊन जात विचारणार नाही. तिनं तो गोग्रास सांबरीला लावून दिला.

तेव्हा जंगल वेगळं होतं. शिवालिकच्या उतारांवर, इथले लोक ज्याला चो म्हणतात त्या कोरड्या ओढ्यांमधून सांबरं विखुरलेली असायची. या ओढ्यात एक, त्या खैराखाली दोन. आणि माणसाची चाहूल लागली, बिबट्याची लागली, की ती ओरडायची. ‘ढांक’. पितळी हंड्यावर मुसळ घातल्यासारखा आवाज, अख्ख्या डोंगराला ऐकू जाणारा. वायरलेस केंद्राच्या पहारेकऱ्यांनी या आवाजावर आपलं काम बसवलं होतं. पहारा बदलताना जुना गडी नव्याच्या हातात टॉर्च द्यायचा, काडतुसं मोजून द्यायचा आणि शेवटी सांगायचा, “पुरबवाले चो में बोला, एक बार.” किंवा नुसतं, “जंगल चुप है.” हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पण थंडीतल्या धुक्यात स्वतःचं मनगट दिसत नाही, तिथं दुर्बीण काय करणार? कान पाहिजे, आणि कानाला सांबर पाहिजे. एका हिवाळ्यात पूर्वेकडच्या चोमध्ये सांबर लागोपाठ ओरडलं, गार्ड बाहेर धावला, आणि तारेची कात्री टाकून पळणारे दोघं सगळ्यांनी बघितले. त्या दिवशी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, शिरा झाला होता. सांबराच्या नावानं.

मग साहेब बदलून आले. त्यांच्या बाईसाहेबांनी शालिनीची सांबरी बघितली आणि हुरळून गेल्या. दिल्लीची पाहुणेमंडळी चंदीगडला यायची ती तळं बघायला आणि दगडांची बाग बघायला. साहेबांच्या मनात आलं, आपल्याकडं हरणं का असू नयेत? आधी लंगरच्या शिळ्या पोळ्या. मग चणे, गूळ, मिठाची ढेपळं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून हिरवंगार बरसीम. व्हरांड्याला काचा लागल्या, समोर गव्हाण आली, कुंपणाची तार वर गेली. संध्याकाळी पाहुणे आत शेगडीशी पाय शेकत बसायचे आणि बाहेर सांबरं खायची, साहेबांच्या कौतुकाला शिंगं फुटलेली असायची.

डोंगर रिकामा झाला. ज्यानं त्या वाटा तुडवल्या होत्या त्यालाच ते कळलं. वरच्या चोंमध्ये लेंडी दिसेना. जनावर तिथं का राहील? इथं आयतं मिळत होतं. सगळा कळप गव्हाणीभोवती आला, आजूबाजूची झुडपं मानेच्या उंचीपर्यंत ओरबाडून गेली, नर एकमेकांना शिंगांनी ढकलायला लागले, पिल्लं बाहेर उभी राहायला लागली, आणि गव्हाणीत कमी पडलं की खालच्या गावाच्या गव्हात जायला लागली. गावकरी तक्रार घेऊन आले, तर त्यांना फाटकावरूनच चहा पाजून परत धाडलं. या सगळ्यात सांबरांचं ओरडणं कधी थांबलं ते कुणाला सांगता येणार नाही. माणूस म्हणजे खाणं, हे त्यांच्या डोक्यात बसलं, आणि खाणं आलेलं बघून कोण ओरडतं? माणूस दिसला की ती पुढं यायची, खिशाला नाक लावायची. पहारा बदलताना टॉर्च मिळायची, काडतुसं मिळायची. जंगलाचं कुणी काही सांगेना. सांगायला काही उरलंच नव्हतं.

एवढं होऊनही माणसाचा आवाज होता. तोही साहेबांनी काढून घेतला. एका संध्याकाळी दिल्लीचं कुणी बडं प्रस्थ काचेमागं बसलं होतं, आणि अंधारातून येणाऱ्या वायरमनला निहालसिंगनं घसा फोडून ललकारलं. नियमच तसा. सांबरं उधळली, मेजवानीचा विचका झाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हवालदार विश्वासला बोलावून घेतलं. गव्हाणीपाशी आवाज नको. टॉर्च नको. कोण आहे ते जवळ आल्यावर बघत जा.

त्या धुक्याच्या पहाटे जे आले, ते जवळ येईपर्यंत निहालसिंगला थांबावं लागलं. मग बघण्यासारखं काही राहिलं नाही.

शालिनी घरी आली तेव्हा विश्वास खाटेवर बसून पट्ट्याचं बक्कल घासत होता. उद्याच्या चौकशीसाठी इस्त्रीचे कपडे खुंटीला लावलेले होते. तिन्ही फिती सरळ दिसतील अशा.

“तू साहेबाच्या गाडीवर घमेलं वतलंस म्हनं.”

“वतलं.”

“गाव गोळा झाला आसंल.”

“झाला. तुमी तेवढं दिसला न्हाई.”

त्यानं बक्कल उजेडात धरून बघितलं आणि पुन्हा घासायला घेतलं.

“नायब सुभेदारीला नाव गेलंय माझं,” तो म्हणाला. “सोळा वरसं काढली या हिरव्यात. हितनं हवालदार म्हनून घरी गेलो तरी गाव नावं ठेवंल. आन् फिती उतरवून गेलो तर?”

“आन् निहाल?”

“त्यो गेला. गेलेल्याला काय फरक पडतुया.”

“त्याच्या बायकूला पडतुया.”

शालिनी स्टोव्हपाशी बसली, पण तिनं तो पेटवला नाही.

“येक सांगा मला,” ती म्हणाली. “गव्हानीपाशी आवाज नगं, ह्ये निहालला कुनी सांगितलं?”

“साहेबानं मला सांगितलं. म्या गार्डला सांगितलं. वरचं पानी खालच्या वाफ्यात सोडायचं, ह्यो आमचा धंदा.”

“त्येनं इच्यारलं आसंल की तुमाला.”

“इच्यारलं.” विश्वासचा हात थांबला. “म्हनला, उस्ताद, ललकारायचं न्हाई तर पहारा कशाचा? म्या म्हनलं, बाबा, हुकूम हाय. त्यो हसला. म्हनला, मग मला बी शिंगं बशिवा, गव्हानीत उबा ऱ्हातो.”

हे सांगताना विश्वासलाही हसू आलं, आणि ते आलेलं बघून तो दचकला. त्यानं बक्कल खाली ठेवलं.

“शाले, म्या चिखलात बघितलंय,” तो हळू म्हणाला. “पंचनामा व्हयच्या आदी. तारंखालनं तीन मानसं आत आली. बुटाचं ठसं. आन् त्या ठशांच्या वर खुरं. सांबरं त्येंच्या मागनं आली व्हती, चालत, त्येंच्या मागनं. काय तरी मिळंल म्हनून. निहालनं खुरांचा आवाज आयकला आसनार. त्येला वाटलं आसंल, हरनंच हाईत.”

“ह्ये सांगनार का उद्या?”

“त्यो चिखल हाय कुटं आता?”

दारावर थाप पडली. निहालसिंगची बायको चरणजीत दारात होती, मागं तिचा दीर, हातात रिकामी दोरी. खरडच्या पलीकडच्या गावातून ती नवऱ्याची ट्रंक न्यायला आली होती. दोरी ट्रंक बांधायला आणलेली. ऑफिसनं सांगितलं, ट्रंक मिळणार नाही. चौकशी पुरी होऊ दे. प्रेत गावी गेलं तेव्हा बिगूल वाजला नव्हता, बंदुकांची सलामी नव्हती, तेही चौकशी पुरी होऊ दे म्हणूनच. ट्रकमधून उतरवून दोन शिपाई माघारी फिरले होते. गावात सगळ्यांनी बघितलं.

शालिनीनं तिला आत घेतलं, पाटावर बसवलं. चरणजीत रडली नाही. चुन्नीच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली. पंजाबी आणि हिंदी मिसळून ती जे बोलली ते शालिनीला सगळं कळलं. गावात दोनदा दार वाजवून माणसं सांगून गेली होती, नवऱ्याला फौज सोडायला सांग, नाहीतर बघ. निहाल म्हणाला होता, फौजेची भाकरी खाल्लीय, सोडायची नाही. आता फौज म्हणते तो त्यांचा होता.

“उधरवाले फौजी का घर कहंदे ने,” ती म्हणाली. “इधरवाले उनका घर. दीदी, असी कित्थे जाइए?”

आम्ही जायचं कुठं, हे शालिनीला विचारून ती विश्वासकडं वळली; तुम्हीच सांगा, म्हणाली.

“वीरजी, तुसी तां ओदे हवालदार सी. तुसी दस्सो.”

विश्वासनं पट्टा उचलला. त्याच्या भोकात बोट घालून तो फिरवत राहिला.

“कल पूछताछ है, भैणजी,” तो म्हणाला. “कल सब हो जाएगा.”

शालिनीनं चहा केला. पुढ्यात ठेवलेला कप चरणजीतनं दोन्ही हातांनी धरून ठेवला, प्यायली नाही. जाताना दीर दोरी तिथंच विसरून गेला. शालिनीनं ती गुंडाळली आणि नवऱ्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर, अगदी फितींवर, लटकवून ठेवली. विश्वासनं ती काढली नाही. रात्रीही नाही.

चौकशी अतिथीगृहाच्या काचेच्या व्हरांड्यात भरली. शेगडी फक्त तिथंच होती. अंबाल्याचे कर्नल टक्कल पडलेले, सर्दीनं बेजार, नाकाला रुमाल लावून बसलेले. विश्वास भिंतीशी सावधान उभा. ज्याच्या नावाला धक्का लागणार त्याला हजर राहण्याचा हक्क असतो म्हणे. तसे साहेबही हजर होते, कर्नलच्या उजव्या हाताला, खुर्ची किंचित पुढं ओढून.

शालिनी हिंदीत अडखळायला लागली तेव्हा कर्नलनी साहेबांकडं बघितलं.

“मराठी है? आप ही बता दीजिए.”

हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. पण थंडी होती, आणि सगळ्यांना उरकायचं होतं.

“उस सुबह आपने संतरी की ललकार सुनी?”

“न्हाई आयकली,” शालिनी म्हणाली.

“नहीं सुनी, सर,” साहेब म्हणाले. मराठीपेक्षा ते हिंदीत जास्त ठाम वाटलं.

कर्नलनी लिहून घेतलं. पेन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “और कुछ?”

“नहीं, सर,” साहेब म्हणाले. शालिनीनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

“है,” ती म्हणाली. “और है.”

साहेबांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात पुणं होतं, गणपतीच्या आरतीला विश्वासच्या खांद्यावर ठेवलेला हात होता, वर गेलेलं नायब सुभेदारीचं नाव होतं. तिनं ते बघणं ओलांडलं आणि कर्नलकडं तोंड केलं. इथून पुढं ती स्वतःच्या हिंदीत बोलली. बाजारात, सेक्टर बावीसमध्ये भाजीवाल्याशी भांडायला शिकलेली हिंदी होती ती, लिंगवचनाचा पत्ता नसलेली, पण भांडणात कधी कमी न पडलेली.

“साब, मैंने ललकार नहीं सुना. मैंने सांबर भी नहीं सुना. वो पूछो, क्यों नहीं सुना.”

“सांबर?” कर्नल म्हणाले.

साहेब हसले. “सर, देहाती औरत है. दुख में है.”

“बाहर देखो साब,” शालिनी म्हणाली.

काचेबाहेर कुंपणापलीकडं सांबरं उभी होती. भर सकाळी, उघड्यावर. गव्हाण गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. रोज येत होती, तारेला छाती लावून सपाट केलेल्या मातीकडं बघत होती. रोडावलेली एक सांबरी तारेतून तोंड आत घालून जमीन हुंगत होती.

कर्नल उठले. दार उघडून बाहेर गेले. शालिनीला वाटलं, सर्दीचा माणूस, परत येईल. पण ते कुंपणापर्यंत चालत गेले. एकही सांबर हललं नाही. ते अगदी जवळ गेले तेव्हा त्या सांबरीनं मान उचलली आणि त्यांच्या कोटाच्या खिशाला नाक लावलं. कर्नल तसेच थांबले. मग त्यांनी वाकून तारेतले नवे खिळे बघितले, बुटाच्या टाचेनं मऊ माती उकरली. खालून चणा निघाला, मोड आलेला.

आत आल्यावर त्यांनी रुमाल खिशात घातला.

“यहाँ खिलाते थे इनको?”

“सर, ठंड में जानवर नीचे आ ही जाते हैं,” साहेब म्हणाले. “लेडीज़ लोग कभी रोटी डाल देती थीं. इसी ने शुरू किया था.”

“हाँ, मैंने,” शालिनी म्हणाली. “एक भाकर. गाय का घास. बाद में ट्राली आया, वो मेरा नहीं था. पहले ये जानवर आदमी को देखके चिल्लाता था, साब. संतरी लोग उसके ऊपर पहरा देते थे. खिला खिलाके उसका मुँह बंद किया. फिर संतरी का बंद किया. यहाँ मेहमान बैठते थे, तो संतरी को बोला, चिल्लाना नहीं, बत्ती नहीं मारना. निहालसिंग सोया नहीं था. मिला हुआ नहीं था. उसको बोला था चुप रहो, तो चुप रहा.”

कर्नल साहेबांकडं वळले.

“ऐसा कोई हुक्म था?”

“मेरी जानकारी में नहीं, सर.”

“लिखित में?”

“सर, जब था ही नहीं.”

कर्नलनी पेन उचललं. उचललं आणि तसंच धरलं, कागदाच्या वर. शालिनीनं ते पेन बघितलं. ते खाली टेकलं की निहालसिंग त्यांचा होणार होता, चरणजीतच्या दारावर दोन्हीकडून थापा पडत राहणार होत्या, आणि तिचा नवरा पुढच्या पावसाळ्यात खांद्यावर तारा लावून खटावला जाणार होता. गाव वेशीपर्यंत येईल. सासू ओवाळील. तिच्या हातातलं ताट कसं दिसेल तेही तिला दिसलं.

ती भिंतीकडं वळली. विश्वास सावधान उभा होता. हनुवटी वर, डोळे समोरच्या काचेवर, हात शिवणीला चिकटलेले. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्याशी ती कधी हिंदीत बोलली नव्हती. आता बोलली, म्हणजे मध्ये कुणी सांगणारा लागू नये.

“हवालदारसाब,” ती म्हणाली. “निहालसिंग को चुप रहने का हुकुम आपने दिया. आपको किसने दिया? बोलो.”